पुलावरून दिसणारी खिडकी

धाकट्या बहिणीचं ऑपरेशन अकराला होतं आणि मला बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून ती हटून बसली होती. मी मुलाला बजावलं, "मोबाइलमधल्या बाईचं ऐकू नकोस. पाण्याची टाकी दिसली की डावीकडे." चाळीस वर्षं मी खुणांवरच फिरले आहे. पण नवा रस्ता बोगद्यात शिरला. आत कसली टाकी? बाहेर पडलो ते थेट उड्डाणपुलावर. हॉस्पिटलचा तिसरा मजला अगदी शेजारी, पण खाली उतरायला वाट नाही. मी पुन्हा डावीकडे म्हटलं, तर फिरून तोच बोगदा, तोच पूल. आपण येतोय की जातोय, मला कळेना.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "अक्का, तुमची लाल गाडी दोनदा गेली. मला प्रदक्षिणा घालतेस का?"

"अगं भवाने, उतरायचं कुठून तेच समजत नाही!"

"नको उतरूस. आता आलीस की हात कर, मी जाते आत."

तिसऱ्या फेरीला मी काच खाली करून अख्खा हात बाहेर काढला. हिरव्या कपड्यातली धाकटी खिडकीत हसत होती. मग नर्सने तिला आत वळवलं आणि आम्ही परत बोगद्यात शिरलो.