आवडाबाईंच्या आवाजाचे कुलूप

मेघाने पेन ड्राइव्ह व्हिडिओच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवला. "इंद्रजीतदादा, आईचं गाणं यात भरून द्या. रविवारी हर्सूलच्या विहारात तिचं पुण्यानुमोदन हाय. लोकांनी एकदा ऐकावं तिला."

इंद्रजीतने मान डोलावली.

"तुमच्याकडचं तेवढं एकच हाय बघा. आमच्या घरी रेकॉर्डिंगचा मोबाइल आला, तवर तिचा घसा गेलेला. शेवटची आठ वर्षं नुसती खुणांनी बोलली." मेघा शेंद्र्याच्या कारखान्यातून परस्पर आली होती, गळ्यातले ओळखपत्र काढायचेही राहून गेले होते.

ती गेल्यावर त्याने जुनी हार्ड डिस्क जोडली. सोळा वर्षांपूर्वीच्या जयंतीच्या गाण्यांची फाईल जागच्या जागी होती, मेघाच्या आईच्या, आवडाबाईंच्या नावासकट. त्याने ती उघडली. काळ्या चौकटीत एक ओळ उमटली : परवाना मिळवण्यासाठी सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.

त्याने पुन्हा उघडली. पुन्हा तीच ओळ.

त्या काळी छावणी भागात जयंतीचे चित्रण दोघे करत : इंद्रजीत आणि समोरच्या दुकानातला राजकुमार. इंद्रजीतची सीडी बाजारात आली की दुसऱ्या दिवशी तीच राजकुमारच्या नावाचे स्टिकर लावून विकली जाई. बाहेरच्या जगात तेव्हा मोठ्या कंपन्यांची झुंज लागली होती. प्रत्येकीला आपलाच व्हिडिओ फॉरमॅट घराघरांतल्या संगणकात हवा होता. चहाच्या टपरीवर या दोघांची जुंपे ती त्यावरूनच. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा इंद्रजीत तिथे मात्र तावातावाने बोले.

"जे समद्यांकडं चालतं तेच घ्यावं, इंद्र्या," राजकुमार म्हणे.

"समद्यांकडं चालतं म्हणूनच तुझ्यासारख्याचं फावतं. माझ्या कंपनीचं बघ. कुलूप हाय त्याला. तीच जिंकणार."

त्याने निवडलेल्या फॉरमॅटमध्ये फाईल उघडताना संगणक दर वेळी कंपनीच्या सर्व्हरकडे किल्ली मागे. ती मिळाली की चित्र हलू लागे. सोळा वर्षांपूर्वीची ती जयंती त्याने थेट त्याच कुलपात टाकली; विकलेल्या सीड्यांनाही तेच कुलूप होते. बिनकुलपाची एकही प्रत ठेवली नाही, आणि मूळ टेपवर धंद्याच्या रिवाजाप्रमाणे पुढच्याच आठवड्यात एक लग्न उतरवले. पुढे ती कंपनी हरली. तिने सर्व्हर कधी बंद केला, हे जगात कोणाच्या लक्षातही आले नसावे.

शहरातल्या जाणत्या माणसांना विचारून झाले; ते कुलूप कोणालाच उघडेना. शुक्रवारी दुपारी त्याने सोळा वर्षांत न ओलांडलेला रस्ता ओलांडला. राजकुमारच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे लटकत होती.

"आज इकडं कसा उगवला?"

"राजकुमार, आवडाबाईची जयंतीची सीडी... तू कॉपी केली होतीस का रे?" आयुष्यात प्रथमच, आपली सीडी चोरली गेलेली असू दे, असे त्याला वाटत होते. "केली असशील तर सांग. मी कायबी म्हणणार नाय."

राजकुमार हातातले कव्हर पुसत राहिला. "महिनाभर त्या कुलपाच्या मागं लागलो होतो. पुण्याहून पोरगं बोलावलं. नाय तुटलं." मग मान वर करून त्याने विचारले, "का रे? तुझ्याकडं नाय?"

इंद्रजीतने नकारार्थी मान हलवली. राजकुमारला कळले. टोमणा मारायला त्याने तोंड उघडले होते, तो तसाच थांबला आणि त्याने स्टूल पुढे सरकवले. "बस जरा."

शनिवारी मेघा आली, तेव्हा त्याने सगळे सांगितले. कुलूप आपणच लावले होते, हेही. पेन ड्राइव्हशेजारी एक मोठा फोटो ठेवला. सीडीच्या वेष्टनासाठी त्याने चित्रणातला एक क्षण तेवढा वेगळा काढला होता : माइकसमोर आवडाबाई, हात उंचावलेला, ओठ उघडे.

मेघा रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने फोटो उजेडाकडे धरला.

"कोणत्या शब्दावर हाय हो ती इथं?"

"आठवत नाय, मेघाताई. कॅमेऱ्यामागं माझं ध्यान समदं राजकुमारकडं होतं."

तो शब्द सापडतो का ते बघायला तिने आपले ओठ आईच्या ओठांसारखे उघडले. एकदा, मग जरा गोल करून पुन्हा एकदा. आवाज निघाला नाही.