गंगारामाचं मुकं गाणं

सावित्रीने जन्मात एकच हट्ट धरला आणि तोही नवऱ्याने पुरवला नाही. नवरा म्हणजे पिंगुळीचा गंगाराम, बाहुल्यांचे खेळ करणारा. त्याने एका सिनेमात गाणं म्हटलं होतं. ते घरी एकदा म्हणून दाखव, एवढंच तिचं मागणं. गंगाराम पक्का खट्याळ. "सिनेमातला गाणा सिनेमातच ऐकूचा," असं म्हणायचा आणि चामड्याच्या बाहुल्या रंगवत बसायचा.

सिनेमा मुंबईच्या एका वेड्या दिग्दर्शकाचा, बाहुल्या खेळवणाऱ्या माणसावरचा. शूटिंग पिंगुळीतच, सगळ्या गावासमोर झालं, तेव्हा सावित्री बाळंतपणाला माहेरी. कुडाळला टॉकीजमध्ये तो लागला आणि बघायला कुणी येईना म्हणून लगेच उतरला, तेव्हा पोराला, ओमकारला, गोवर आलेला. दिग्दर्शकाने सिनेमाच्या रिळांचे डबे प्रेमाने गंगारामाला देऊन टाकले. पण ते दाखवायचं मशीन गावात कुणाकडे असणार? डबे बाहुल्यांच्या पेटीत जाऊन पडले. पुढे गंगारामही गेला.

परवा पुण्याहून इशिता नावाची मुलगी आली. विसरले गेलेले सिनेमे हुडकून दुरुस्त करणं हे तिचं काम. "आजी, तुमच्या यजमानांचा सिनेमा सापडला," असं ती म्हणाली आणि सावित्रीला काय करू नि काय नको असं झालं. हातातलं सूप तिने तसंच खाली ठेवलं, पदर सारखा केला. या वयातही ती लाजली, खोटं कशाला सांगा?

इशिताने लॅपटॉप उघडला. गंगारामच तो! ऐन उमेदीतला, वाकडा भांग पाडलेला. त्याने मांडीवर वीणा घेतली, डोळे मिटले, गायला सुरुवात केली.

"आवाज वाढव गो जरा," सावित्री म्हणाली. "माका हल्ली कमी ऐकाक येता."

"आजी, आम्हांला नुसत्या चित्रांची निगेटिव्ह मिळाली. आवाज त्यात नाही. तो तुमच्याकडच्या रिळांवर आहे, फितीच्या कडेला. त्यासाठीच आलेय मी. कुठे आहेत डबे?"

सावित्रीने बाहुल्यांच्या पेटीकडे बघितलं. गंगाराम गेल्यानंतरच्या पावसाळ्यात रिळांना आंबूस वास सुटला होता, फीत चिकटली होती. या घरात फाटलेली बाहुली किंवा कथा सांगायचं विटलेलं चित्र कचऱ्यात टाकत नाहीत. त्याने लोकांना देव दाखवलेला असतो. नैवेद्य दाखवून ते नदीत सोडतात. सावित्रीने रिळंही तशीच सोडली होती, हळदकुंकू वाहून, नारळ देऊन. बाईने घरची रीत राखली, म्हणून शेजाऱ्यांनी वाखाणलंही होतं.

रीत राखली खरी, पण अर्धीच. सोडण्याआधी जुन्यावरून नवं उतरवून घ्यायचं असतं. त्याशिवाय गंगारामाने एक बाहुली कधी पाण्याला दिली नव्हती. पण रीळ कसं उतरवतात हे तिला कोण सांगणार? मूळ प्रत मुंबईत असणारच, असं ती धरून चालली. मुंबईवाले पिंगुळीच्या भरवशावर निवांत होते.

"मियां नदीत सोडलंय," ती म्हणाली. "वास येवक लागलो गो. माका वाटला, संपला तेंचा आयुष्य."

"अहो, तसल्या रिळांतूनसुद्धा आवाज काढता येतो हल्ली," इशिता बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण तोंडातून गेलेलं परत थोडंच येतं?

"परत लाव," सावित्री एवढंच म्हणाली.

गंगाराम पुन्हा गायला लागला. त्याच्यासमोर बसलेल्या गावातल्या बाया डोळे पुसत होत्या. सावित्री लॅपटॉपला नाक लावून त्याच्या ओठांकडे बघत राहिली. एखादा शब्द तरी कळेल म्हणून तिने जिवाचा आटापिटा केला. काही कळलं नाही. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि रडू त्यानंतर आलं.

इशिताने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आजी, अजून एक मार्ग आहे. चाल आणि शब्द मिळाले तर ओमकारदादांकडून गाऊन घेऊ. घराण्याचाच गळा. तुम्ही म्हणून दाखवा ना. तुम्हांला तर पाठच असेल."

सावित्रीने डोळे पुसले. पडद्यावर नवऱ्याचं तोंड हलतच होतं.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "सगळ्या गावान ऐकलेला तां. माकाच म्हायत नाय."