कच्चा लाल

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. आर्विलाच्या वाडग्याची गोष्ट सांगताना मधे कुणी हसलं, की मी पहिल्यापासून सुरू करते.

ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात सगळे पुरुष काचेच्या कारखान्यात. आर्विला माझी शेजारीण. तिच्या नवऱ्यानं, डोर्सीनं, तिच्यासाठी काचेचा वाडगा लाल रंगवला, वर कोंबडा काढला. ओला असतानाच उचलला, म्हणून कोंबड्याच्या पायाशी त्याचा अंगठा उमटला. दुसऱ्या दिवशी भट्टीत भाजून रंग पक्का व्हायचा होता. त्याच दिवशी भट्टी फुटली आणि डोर्सी गेला. वाडगा राहिला कच्चाच.

आर्विलानं तो तळहाताच्या फोडासारखा जपला. ऊन नाही, गरम पाणी नाही, घासणी नाही. "एवढाच उरलाय गं तो," म्हणायची.

एका ईस्टरला रंगीत अंडी ठेवायला तिनं वाडगा काढला. सून आली होती, जनीन. कामसू पोर. जेवणं उरकल्यावर तिनं तो भांडी धुवायच्या मशीनमध्ये घातला. निघाला तो जुन्या फडक्यासारखा फिकट. अंगठा गायब.

"आई, मला काय माहीत! भांडं म्हणजे धुवायचंच ना?"

"धुवायचं गं. पुसून टाकायचं नव्हतं."

मी म्हटलं, "रडतेस काय, तेल लाव. बाळांच्या अंगाला लावतात ते."

चोळलं तसा लाल वर आला. अंगठाही आला. फक्त पायाशी नाही, कोंबड्याच्या पोटावर.

"सरकलाय," मी म्हटलं.

"डोर्सी एका जागी कधी बसला होता?" आर्विला म्हणाली.

तेल उडालं की रंग उतरायचा. पुन्हा लावलं की अंगठा आणखी वर. मानेवर, तुऱ्यावर, शेवटी अगदी काठाला. अजून एकदा लावलं तर तो वाडग्याबाहेर जाणार, हे दोघींना कळलं.

जनीन म्हणाली, "आई, एक माणूस आहे, भट्टीत भाजून रंग कायमचा पक्का करून देतो."

"भट्टीनं एकदा नेलाय त्याला. आता माझ्या हातानं घालू?"

वाडगा गेला कपाटात, अंधारात. वर्षानुवर्षं आतून आवाज यायचा, काचेच्या काठावर ओलं बोट फिरवल्यासारखा. मी म्हणायची, "उंदीर असेल."

"उंदराला इतका सूर नसतो."

गेल्या पानगळीत आर्विला अंथरुणाला खिळली. म्हणाली, "तेल आण."

"जाईल गं तो!"

"जाऊ दे. मला न्यायला उतरतोय. गुत्त्यातून घरीसुद्धा मीच आणायची त्याला. एकट्याला रस्ता कुठं सापडतो?"

तेल दिलं आणि मी कॉफी करायला गेले. परत येते तो ती गेलेली. मांडीवर वाडगा, पाण्यासारखा नितळ. ना लाल, ना कोंबडा. कोंबडा कुठं गेला ते मला विचारू नका. माझ्या कोंबड्या मात्र तेव्हापासून फार लाजतात.

आणि आर्विलाच्या मनगटावर लाल अंगठा.

मयताची तयारी करणाऱ्यानं साबण लावला. तो वळल्यावर मीही हळूच घासणी मारून बघितली.

जाईना. पक्का होता.