ऑर्व्हिलच्या हातचा बंब

सरकारी अनुदान खात्याच्या बाई दहाला येणार होत्या. व्हर्ना लुंडीन साडेआठलाच सफरचंदाचा केक आणि फायलींची पिशवी घेऊन बंबखान्यात शिरली, समोर बघितलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

आगीचा बंब लखलखत होता. लाल रंग असा ताजा, की हात लावला तर बोटाला लागेल असं वाटावं. पितळी घंटा, आरसे, नळ्यांची तोंडं, सगळं घासूनपुसून ठेवलेलं. आणि शहात्तर वर्षांचा ऑर्व्हिल रस्क, शस्त्रक्रिया झालेलं कंबरेचं हाड सांभाळत, जमिनीवर बसून चाकाची वाटी पुसत होता.

"ऑर्व्हिल! अरे, हे काय करून ठेवलंस?"

"काय म्हणजे? पाहुणे यायचेत ना?"

"त्यांना बंब मोडका आहे हे दाखवायचंय, बाबा! चाळीस पानी अर्ज लिहिलाय मी. गंजलाय, गळतोय, दहातनं चारदा सुरूच होत नाही, असं लिहिलंय!"

ऑर्व्हिलचा चेहरा पडला. "या बंबाला मोडका म्हणवून घेतलेलं नाही मी आजवर. आणि चारदा वगैरे कुणी सांगितलं तुला? माझ्या हाताला एकदाही नाही म्हणाला नाही तो."

व्हर्नाने केक बाकावर ठेवला. त्याच्या हाताला नाही म्हणाला नव्हता, हे खरंच होतं. गोम तिथेच होती. फेब्रुवारीत ऑर्व्हिल कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात असताना गावातल्या शुस्टरच्या गोठ्याला आग लागली. अकरा स्वयंसेवक तीन मिनिटांत बंबखान्यात हजर झाले आणि बंब जागचा हलला नाही. पस्तीस मिनिटं! शेजारच्या गावचा बंब पोचला तेव्हा गोठा जळून खाली बसला होता आणि एकोणीस गायी गेल्या होत्या. ऑर्व्हिलला मात्र सगळ्या गावाने एकच सांगितलं, बर्फामुळे रस्ता अडला होता. म्हातारा आयुष्यभर या यंत्रावर जीव लावून बसलेला. कोण सांगणार त्याला?

अर्जाची एक प्रत ऑर्व्हिलही वाचणार, म्हणून व्हर्नाने त्यातून ती आग गाळली होती. अनुदान मिळवून देईल असं एकच कारण गावाकडे होतं आणि नेमकं तेच अर्जात नव्हतं.

दहाच्या ठोक्याला अनुदान खात्याच्या मिसेस टिबेट्स गाडीतून उतरल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, हातात फाइल. बंबदलाचा प्रमुख गॉर्डी इस्त्रीच्या शर्टात पुढे झाला. गावचा एकुलता एक पोलीस एल्डनही आपली गाडी घेऊन आला होता, कारण अर्ज एकत्रच होता, एक नवा बंब आणि एक नवी पोलीस गाडी. एल्डन हुशार निघाला. त्याने गाडी आठवडाभर धुतलीच नव्हती.

"मागचं दार डाव्या वळणावर आपोआप उघडतं, मॅडम," त्याने अभिमानाने सांगितलं. "गेल्या महिन्यात एका दारुड्याला घेऊन निघालो होतो. वळणावर हा बाहेर पडला. पण माणूस चांगला हो, उठून दार लावलं आणि मग पळाला."

मिसेस टिबेट्स खळखळून हसल्या आणि त्यांनी फाइलवर काहीतरी खरडलं. व्हर्नाच्या अंगात उत्साह संचारला. जमतंय की!

मग बंबाची पाळी आली. ऑर्व्हिल वर चढला. कुणाला कळायच्या आत त्याने पाच-सहा हालचाली केल्या, कुठे हातोडीची टिचकी, कुठे ओढ, पायाने हलकासा दाब, आणि बंब पहिल्याच दमात गुरगुरायला लागला. पंपाने पाण्याची अशी धार सोडली की समोरच्या चर्चच्या पायऱ्या धुऊन निघाल्या. स्वयंसेवकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या, मग एकमेकांकडे बघून थांबवल्या.

"सुरेख निगा राखलीय," मिसेस टिबेट्स म्हणाल्या. "खरं सांगू? तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली चौदा गावं रांगेत आहेत. पोलीस गाडीचं बघते काहीतरी. बंबाचं..." आणि त्यांनी फाइल मिटली.

बाई निघाल्या होत्या. ऑर्व्हिल खुशीत हात पुसत होता. आता बोलावं तर त्याचं मन मोडतं, आणि न बोलावं तर पुढच्या आगीत गाय जाईल की माणूस, कुणी सांगावं?

"मॅडम, एक मिनिट!" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "आता जरा गॉर्डीला सुरू करू द्या."

गॉर्डीने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्याला विहिरीत उडी मारायला सांगितली होती.

"कर की!" ऑर्व्हिल इंजिन बंद करून हसत खाली उतरला. "मीच शिकवलंय त्याला."

गॉर्डी चढला. किल्ली फिरवली. बंब खोकला आणि गप्प झाला. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकला. गॉर्डीची मान लाल झाली. ऑर्व्हिल पुढे सरसावला तसा व्हर्नाने त्याचा दंड धरला.

"थांब."

"अगं, चोक जरा..."

"थांब, ऑर्व्हिल. त्यालाच करू दे."

तिसऱ्यांदा. सहाव्यांदा. दहाव्यांदा. ऑर्व्हिलने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि एकेकाने नजर चुकवली. एल्डन तर टोपीच न्याहाळत बसला.

"मी दवाखान्यात होतो," ऑर्व्हिल सावकाश म्हणाला. "शुस्टरचा गोठा जळाला तेव्हा." त्याने व्हर्नाकडे वळून विचारलं, "बर्फ नव्हता?"

"होता," व्हर्ना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चारच बोटं."

ऑर्व्हिल बंबाजवळ गेला आणि मागच्या चाकावरच्या त्या आरशासारख्या पत्र्यावर त्याने अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

"मॅडम," तो म्हणाला, "इथे पत्रा नाहीय. नुसता रंग आहे. मीच दिलाय. बसा जरा खुर्ची घेऊन. व्हर्ना, लिही."

आणि तो सांगत सुटला. स्टार्टरला डाव्या अंगाला हातोडीने दोनदा ठोकावं लागतं, तेही इंजिन गार असेल तरच. चोक म्हणजे वाकवलेला काटा, स्वयंपाकघरातला. टाकीला सात ठिगळं. क्लच अर्धा धरायचा आणि इंजिन उसासा टाकेपर्यंत थांबायचं. तो उसासा दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाही. व्हर्नाची लेखणी पळत होती. मिसेस टिबेट्सनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली, चष्मा चढवला, आणि चक्क बंबाखाली वाकून फोटो काढायला लागल्या.

"म्हणजे यंत्र चालत नाहीय मॅडम," ऑर्व्हिल म्हणाला. "मी चालतोय. आणि माझं कंबरेचं हाड बघा कसंय! हे सगळं नंतर लिही, व्हर्ना. सगळ्यात वर एकोणीस गायी लिही."

मिसेस टिबेट्स कपडे झटकत उठल्या. "मंजुरी माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या, "पण शिफारस माझ्या हातात आहे. तुमचं गाव मी यादीत सगळ्यात वर घालणार आहे. आजच पाठवते. आणि गेली सोळा वर्षं वरचं नाव कधी नाकारलेलं मी पाहिलेलं नाही."

मग काय विचारता! गॉर्डीने एल्डनला उचललं, एल्डनची टोपी कुठल्या कुठे गेली. कुणीतरी पितळी घंटा बडवायला लागलं. अकरा जणांनी केकचा फडशा पाडला. व्हर्ना रडत होती, हसत होती आणि बाईंच्या हातात दुसरा तुकडा कोंबत होती. नवा बंब! किल्ली फिरवली की कुणाच्याही हाताने सुरू होणारा!

तेवढ्यात तिला दिसलं, ऑर्व्हिल आपल्या ट्रककडे निघालाय. ती धावत गेली.

"रागावलास?"

"छे गं."

"मग कुठे चाललास? केक तरी खा."

ऑर्व्हिलने दार उघडलं, पण तो लगेच आत बसला नाही.

"शुस्टर आला होता मला दवाखान्यात भेटायला. आगीनंतर चौथ्या दिवशी. मी त्याला काय झापलं माहितीय? म्हटलं, गाढवा, वाटेवरचा बर्फ वेळच्या वेळी काढला असतास तर बंब पोचला असता. गायी तुझ्या आळसापायी गेल्या." त्याने खिशातून किल्ली काढली. "आणि तो मान खाली घालून म्हणाला, खरंय तुझं, ऑर्व्हिल. चुकलंच माझं."

त्याने ट्रक सुरू केला आणि शुस्टरच्या घराच्या वाटेला लागला.