काका शुद्धीवर हवेत

काकांना भूल द्यायला डॉक्टर पुतणीच हवी होती. "आपलीच पोर आहे, जीव ओतून करेल," असं ते चारचौघांत म्हणाले. काय हा निर्लज्जपणा! वडील गेल्यावर हिच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तिला काही दिवस भ्रम झाला, आणि ह्याच दिरानं तिची बडबड मोबाइलवर टिपून तिला वेडी ठरवलं. ही तेव्हा परदेशात शिकत होती. भ्रम ओसरला, आई पहिल्यासारखी झाली, पण घराला काकांचं कुलूप लागलं ते लागलंच. आई अजून बहिणीकडे दिवस काढतेय.

आता काका टेबलावर आडवे होते. कपाळाला लावलेल्या पट्टीतून त्यांच्या मेंदूच्या लहरी मॉनिटरवर उमटत होत्या. मध्येच रेघ सपाट व्हायला लागली, म्हणजे भूल गरजेपेक्षा खोल गेली होती. वयस्कर माणसाची रेघ अशी सपाट राहिली, की जागा झाल्यावर तो बरळण्याची भीती वाढते. भूल कमी करायला तिनं हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. राहू दे की! बरळू दे थेरड्याला. कळू दे कसं वाटतं ते.

रेघ जरा उसळली आणि पुन्हा सपाट झाली. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. पण भ्रमिष्टाला जाब कोण विचारणार? सुटेल मेला! बिचाऱ्याला काही कळत नाही, म्हणून वर सगळे कीव करतील. छे, ह्याला सगळं कळलंच पाहिजे. तिनं भूल कमी केली आणि लहरी सुधारल्या तरी मॉनिटरवरची नजर हलवली नाही. सख्ख्या बापासाठीही तिनं यापेक्षा जास्त केलं नसतं.

संध्याकाळी काकांनी नर्सला स्वतःचं नाव सांगितलं, वार सांगितला, वर चहा गार आहे म्हणून तिच्यावर खेकसले. तेवढ्यात पुतणी आईला घेऊन आत आली.

"भावोजी, माझ्या घराची किल्ली कुठे आहे?" आईनं विचारलं.

काकांचे डोळे एकदम भिरभिरले. "कोण... कोण तुम्ही? मी कुठे आहे?"

नर्स घाबरली. पुतणी मात्र खुर्ची ओढून उशाशी बसली. कितीतरी दिवसांनी तिला मनापासून हसू आलं.

"नाटकं नकोत, काका. मेंदू ठणठणीत आहे तुमचा. ह्या एका प्रश्नासाठीच मी तो जपलाय. द्या आता उत्तर."