लंबगोलाबाहेरचा हात

मी लंबगोल बोलतोय. अंडं नव्हे. अंडं एका टोकाला निमुळतं असतं, मी दोन्हीकडून सारखा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण स्टुडिओत येणारं प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक मला अंडं म्हणतं आणि ते मला मुळीच खपत नाही.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये झाला. स्टुडिओवाल्या ताईंना खरं तर गोल हवा होता. माऊस ओढताना एक कळ दाबायची राहिली आणि झालो मी. "असू दे, माणसांची तोंडं तरी कुठे गोल असतात?" म्हणत त्यांनी मला ठेवून घेतलं.

माझं काम साधं आहे. ताई मला खाली ठेवतात, वर फोटो आणून टाकतात आणि थरांच्या यादीत आमच्या दोघांमधल्या रेघेवर क्लिक करतात. की फोटो मुकाट्याने माझ्या आकारात बसतो. काठाबाहेरचं सगळं, पडदा, बादली, शेजाऱ्याचं कोपर, दिसेनासं होतं. लोकांना वाटतं, मी कापतो. अहो, मी कुणाला कापत नाही, फक्त झाकतो! फोटो जरा सरकवला की बादली पुन्हा हजर. पण ऐकतो कोण?

आजवर लग्नाळू मुलगे, दातांच्या डॉक्टरीणबाई, एक रुसलेला बोका, सगळ्यांना मी पोटात घेतलंय. माणसांची एक खोड मात्र पाहून ठेवली आहे. फोटोत कोण नको ते आधी सांगतात, कोण हवं ते मागाहून.

एके दिवशी एक आजी जुना फोटो घेऊन आल्या. "ह्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. अख्ख्या आयुष्यात ह्या एकाच फोटोत हसलेत बघ. तेवढे हेच ठेव. शेजारचा तो मेला दिसता कामा नये."

फोटोत दुकानाच्या पायरीवर दोन तरणेबांड घड्याळजी उभे होते. दुकान भागीदारीतलं. मग बिनसलं कशावरून, असं ताईंनी विचारलंच. गिऱ्हाइकांनी लवकर आटपावं म्हणून भागीदाराने भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलं. आजोबा म्हणाले, घड्याळजीनेच खोटी वेळ दाखवायची तर दुकानाला कुलूप लावू. आणि लावलंच! दोघांनी दोन गल्ल्यांत दोन दुकानं थाटली. त्याला आता एकवीस वर्षं झाली आणि तेव्हापासून बोलणं बंद. पाच मिनिटांपायी! मी आकार आहे, मला डोकं नाही, पण एवढं मलासुद्धा कळतं.

ताईंनी आजोबांना माझ्यात बसवलं. भागीदार झाकला गेला, पण आजोबांच्या खांद्यावरचा त्याचा हात काही हलेना. मला आवळून पाहिलं, ताणून पाहिलं. आवळलं की आजोबांचा खांदा जाई, सैल केलं की हात परत येई. खोडायला जावं तर सदऱ्याच्या चौकड्या वाकड्या होत.

"राहू दे," आजी कंटाळून म्हणाल्या. "माझाच हात म्हणून सांगेन."

फ्रेम घरी गेली आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आजोबा ती काखोटीला मारून हजर. ताईंचा चेहरा पडला.

"हा हात कुणाचा?"

"आजी म्हणाल्या, त्यांचा."

"तिच्या मनगटावर एवढे केस आहेत होय? आणि दोन-दोन घड्याळं? दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर हातात घालून तपासायची सवय एकाच माणसाची." मग आवाज उतरला. "तो कुठंय?"

ताईंनी फोटो सरकवला. आजोबा माझ्याबाहेर गेले आणि भागीदार आत आला. आजोबा कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. "तेव्हा केस होते गड्याला," एवढंच म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

"जाऊन भेटा ना, आजोबा," ताई म्हणाल्या.

"मी आधी जायचं? चूक त्याची!" आजोबा ताठ झाले. मग म्हणाले, "पण एक काम कर. असाच एक फोटो त्याच्या दुकानात पाठव. तो आत, मी बाहेर."

"काठाला तुमचा कान दिसतोय. झाकू?"

"राहू दे."

"नाव लिहू का मग?"

आजोबांचा कान म्हणजे कपाचा कान, शंभरांत ओळखू येणारा. "काही नको. एवढ्यावरून ओळखलं नाही, तर मी समजायचं ते समजेन."

फोटो गेला. चार दिवस काही नाही. आजोबा रोज काही ना काही निमित्त काढून स्टुडिओवरून जात, काचेतून आत डोकावत, आणि ताई नकारार्थी मान हलवत. मला तर वाटू लागलं, या खेपेला मी खरंच कुणाला तरी कापलं.

पाचव्या दिवशी एक टकले, जाडजूड गृहस्थ तणतणत आत शिरले आणि त्यांनी फोटो काउंटरवर आपटला. मनगटावर दोन घड्याळं होती.

"ही काय थट्टा लावलीय? अर्धा कान कसला पाठवता? माणूस पुरा द्या!"

ताईंनी माझी कड धरली आणि ओढत नेली, ओढत नेली. कानामागून गाल आला, हसू आलं, खांदा आला आणि खांद्यावरचा हात सबंध झाला. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

"पाठवू का आजोबांच्या घरी?" ताईंनी विचारलं. "पत्ता आहे माझ्याकडे."

"मला नको सांगूस पत्ता. एकवीस वर्षं त्या गल्लीला वळसा घालून जातोय. दोन प्रती काढ. एक मी स्वतः नेऊन देतो."

आणि त्या दिवशी ते सरळ त्या गल्लीतून गेले.

तेव्हापासून मी असा ताणलेलाच आहे. एकटं माणूस माझ्यात बसवलं तर शेजारी जागा उरते, म्हणून ताईंनी एकट्यादुकट्यांसाठी नवा लंबगोल काढलाय. मला वाईट वाटत नाही. तुम्हाला कुणी नकोसं झालं असेल, तर खुशाल या, मी झाकून देईन. फक्त मूळ फोटो फाडू नका. सरकवायला तो लागतो.