राण्यांची जोडी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळले तर खानदेशात कोणी नावं ठेवत नाही. पारोळ्याला वनाभाऊंच्या ओट्यावर दर आखाजीला पुरणपोळी नि रस रिचवून झाला की सतरंजी पडायची आणि पुरुषमंडळी फतकल मारायची. बाया झोक्यावर. यंदा मात्र वनाभाऊंच्या धाकट्या भावाची बायको कोकिळाही सतरंजीवर बसली. तिला बसवलं तिच्याच लेकीनं. दिपमाला पुण्याहून पोकर शिकून आली होती. "आई बसली तरच शिकवीन," असं तिनं काकांना ठणकावून सांगितलं होतं.

डावाला चौघं होते, बसायचा आणि बोलायचा क्रमही हाच: वनाभाऊ, कोकिळा, तिचा नवरा झुलाल आणि दिपमाला. चिंचोके लावायचे ठरले. हातात दोन पत्ते, नंतर मधोमध सगळ्यांसाठी पाच उघडायचे, आधी तीन. पण ते तीन दिसण्याआधीच ठरवायचं, पत्ते टाकून द्यायचे, समोरच्याइतकेच चिंचोके लावायचे, की वाढवायचे.

कोकिळा टाकायचीही नाही आणि वाढवायचीही नाही. "पाहू तर खरं काय निघतं," म्हणत समोरच्याइतकेच लावायची. एकदा तर हातात दोन राजे आले, तरी तेच. सगळेच स्वस्तात मागोमाग आले, आणि नव्वा-चव्वा घेऊन बसलेल्या वनाभाऊंना मधल्या पत्त्यांत नव्वाही सापडला नि चव्वाही. त्यांच्या दोन जोड्यांपुढं राजांची एकच जोडी हरली.

"मनं नशीब देख!" म्हणत त्यांनी चिंचोके ओढले.

"नशीब कसलं काका, आईनं तुम्हाला येऊ दिलं," दिपमाला म्हणाली. "आई, एवढे चांगले पत्ते असले तर आधीच वाढव. ज्याला पुढं यायचंय, त्याला महाग पडू दे. आणि तुझ्याआधी कोण काय बोललं तेही ऐकत जा."

ऐकण्यात कोकिळा कच्ची नव्हती. एसटीत चोवीस वर्षं कंडक्टरकी केलेली बाई ती. विनातिकीट बसलेला माणूस फार बोलतो, हे तिला पाठ होतं. दोन-तीन डाव तिनं मुकाट पत्ते टाकले आणि जेठांना, म्हणजे वनाभाऊंना, न्याहाळलं. हातात काही असलं की वनाभाऊ गप्प. नसलं की त्यांची गाडी कापसाच्या भावापासून जावयाच्या मोटारीपर्यंत धावायची.

पुढचा डाव कोकिळेनं वाटला. पत्ते उचलले, तर बदामाची राणी आणि इस्पिकची राणी. पहिलं बोलणं वनाभाऊंचं.

"सहा!" ते म्हणाले. "यंदा फैजपूरनी केळी काय लागेल शे, इचारू नको..." आणि केळी काही संपेना.

पाळी कोकिळेची. सवयीनं हात सहा चिंचोक्यांकडं गेला आणि थांबला. जेठांसमोर आजवर तिनं कधी चढा शब्द काढला नव्हता.

"वीस," ती म्हणाली.

झुलालनं बायकोकडं पाहिलं आणि हसत पत्ते टाकले. दिपमालानंही टाकले. वनाभाऊंची केळी मधेच राहिली.

"काय वं कोकिळा, तुनाजोडे काय शे?"

"वीस लावा भाऊ, मग दाखवते."

वनाभाऊंनी पत्ते पुन्हा पाहिले, मिशीवरून बोट फिरवलं, आणि टाकून दिले. मधला एकही पत्ता न उघडता डाव कोकिळेचा झाला.

"आते तरी दखाडी दे ना!"

"नाही. पाहायचं मोल तुम्ही दिलं नाही," ती म्हणाली आणि राण्या गड्डीत मिसळून टाकल्या. ती इतकी खुदखुदली की झोक्यावरच्या बाया वळून पाहू लागल्या.

वनाभाऊही हसले. मग उठले, धोतर सावरलं आणि कोकिळेच्या पलीकडं बसलेल्या झुलालला ढोसून म्हणाले, "सरक रे, मले तठे बसू दे. हिनं बोलनं झाल्यावरच मी बोलसू."